दिवसा घरी असणारा माणूस

बेल वाजली की दार उघडायचं, आणि उघडताना डावा डोळा मिटलेलाच ठेवायचा, ही अण्णांची पद्धत. उजवा डोळा तेवढा उघडा, लालबुंद. अंगात बनियन, कमरेला लुंगी, हातात काळा मार्कर. समोर पार्सलवाला असो, गॅसवाला असो, पाण्याचा टँकरवाला असो, अण्णा सगळा कारभार एका डोळ्यानं उरकायचे.

"हे काय अण्णा, डोळा आलाय का?" मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा विचारलं होतं.

"न्हाई वो वायरमन," ते म्हणाले, "ह्याला झोपू द्यायलोय. दोन्ही उघडले की झोप पार मोडती. एक मिटलेला ऱ्हायला की परत पडल्या पडल्या लागतो."

मी तेव्हा खो खो हसलो होतो. वर जाऊन बायकोला नक्कल करून दाखवली, तीही हसली. आता ते आठवलं की माझं डोकं सणकतं. सगळ्यात आधी स्वतःवर.

अण्णा आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर, एक नंबरच्या फ्लॅटमध्ये राहायचे. गाव लातूरकडचं. चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत ऑपरेटर, आणि कायम तिसऱ्या शिफ्टला, म्हणजे रात्रपाळीला. वय पन्नाशीच्या आतलं. मी त्यांच्या बरोबर डोक्यावर, पहिल्या मजल्यावर. मी भोसरी एमआयडीसीत वायरमन, पॅनल बोर्ड बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये माझी वीस वर्षं गेली. आमच्याकडे सुट्टी गुरुवारची. त्यामुळे दिवसाढवळ्या आमची बिल्डिंग कशी चालते हे मला आठवड्यातून एकदा दिसायचं. बाकीच्यांना तेही दिसत नव्हतं, किंवा त्यांना बघायचं नव्हतं.

चऱ्होलीत जिथे काल ऊस होता तिथे आज पार्किंग आहे. त्यातलीच आमची एक बिल्डिंग. चार मजले, सोळा घरं, आणि बहुतेक घरांत नवराबायको दोघंही कामाला. सकाळचे नऊ वाजले की जिना सुनसान. वॉचमन ठेवायचा विषय सोसायटीच्या पहिल्याच मीटिंगला निघाला. चेअरमन म्हणाले, "वॉचमन कशाला हवाय? अण्णा दिवसा घरीच असतात की." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, खोटं कशाला बोलू. अण्णा मागे भिंतीला टेकून उभे होते. ते हसले आणि म्हणाले, "मी हाय की घरी."

झालं! त्या दिवसापासून अण्णा सोसायटीचे फुकटचे वॉचमन. दिवसा घरी असणारा माणूस म्हणजे रिकामा माणूस, हे आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं. तो रात्रभर मशीनसमोर उभा राहून आलाय, आपण रात्री झोपतो तसा तो दिवसा झोपतो, एवढी साधी गोष्ट सोळा शिकलेल्या घरांतल्या एकालाही सुचू नये? तुमच्याही बिल्डिंगमध्ये असा एकजण असेल. जरा आठवून बघा, त्याच्या दाराची बेल तुम्ही शेवटची कधी वाजवलीत.

मार्करची गोष्ट सांगतो. अण्णांच्या कंपनीत तयार मालाच्या प्रत्येक लॉटवर टॅग लावायचा असतो. माल कधी आला, कोणी घेतला, सगळं त्यावर लिहायचं. वीस-बावीस वर्षं तेच करून हाताला सवय जडलेली. त्यामुळे घेतलेल्या प्रत्येक पार्सलवर ते फ्लॅट नंबर आणि वेळ टाकायचे. "३०२, स. १०:५०." "४०१, दु. १२:०५." अक्षर एकदम ठसठशीत. मी एकदा म्हणालो, "अण्णा, टाइम कशाला टाकता? हे काय डिस्पॅच आहे का?"

"माल घेतला आन टाइम न्हाई टाकला, तर मला चैन पडत न्हाई," ते म्हणाले. "आन कुणी म्हणलं उशिरा आलं, तर आपल्याकडं लिवलेलं हाय."

त्यांना कोणी काय म्हणणार होतं? म्हणायचं तर त्यांनी आम्हाला म्हणायला पाहिजे होतं. पण ते त्यांच्या रक्तात नव्हतं.

एका गुरुवारी मी गॅलरीत चहा घेऊन बसलो होतो. साडेआठला अण्णा कंपनीच्या बसमधून उतरले, डबा हलवत आले. वहिनी तेव्हा पाळणाघरात काम करायच्या, त्या निघाल्याच होत्या. दारात दोघांचं काहीतरी बोलणं झालं, वहिनी गेल्या, दार लागलं. सव्वानऊला पहिली बेल, इस्त्रीवाला. दहाला दुसरी, पार्सल. अकराच्या आधी टँकरवाला आला, त्यानं बेलही वाजवली नाही, हॉर्नच दाबून धरला. अण्णा गच्चीवर टाकीचं झाकण उघडायला चार मजले चढले आणि उतरले. बाराला कोणाची तरी चावी न्यायला कोणाचा तरी पाहुणा आला. दीडला परत पार्सल. प्रत्येक वेळी एक डोळा मिटलेला. पाचव्या वेळी मी वरून ओरडलो, "अहो अण्णा, लक्षच देऊ नका ना बेलकडे!"

त्यांनी वर बघितलं. "अवं, मानूस उन्हात उबा ऱ्हातो वो. त्याचंबी पोट हाय." आणि आत गेले.

संध्याकाळी विचारलं, झोप झाली का? "झाली की. तुकड्या-तुकड्यानं का हुईना, भरती." ते जेवणाबद्दल बोलावं तसं झोपेबद्दल बोलायचे.

कंपनीचं तर नावच काढू नका. शिफ्ट खरं तर दर आठवड्याला बदलते. पहिली, दुसरी, तिसरी. पण एकाचं लग्न ठरलं, त्यानं रात्रपाळी अण्णांना दिली. दुसऱ्याची बायको बाळंत झाली, त्याचीही अण्णांनी घेतली. तिसऱ्याला कसलासा क्लास लावायचा होता. अण्णा आहेत, अण्णा ॲडजस्ट करतात. असं करत करत अण्णा कायमचे तिसऱ्या शिफ्टला जाऊन बसले आणि सुपरवायझरनं कागदावर पक्कं करून टाकलं. वर्षभर एकही खाडा न केल्याबद्दल कंपनीनं त्यांचा सत्कार केला. शाल, नारळ आणि भिंतीवरचं एक मोठं घड्याळ! ज्या माणसाची झोप यांनी खाल्ली, त्याला बक्षीस काय, तर घड्याळ. अण्णांना मात्र त्याचं केवढं कौतुक! मला बोलावून ते हॉलमध्ये, दाराच्या समोरच्या भिंतीवर लावून घेतलं. "वायरमन, जरा सरळ हाय का बघा," असं चार वेळा विचारलं.

मग सिलिंडरचा प्रकार झाला.

तोही गुरुवारच. गॅसवाल्यानं तिसऱ्या मजल्यावरचं सिलिंडर अण्णांच्या दारात ठेवलं आणि निघून गेला. तिसऱ्या मजल्यावरच्या मॅडमचा फोन, "अण्णा, तेवढं वर ठेवता का, आज स्वयंपाकाला लागेल." अण्णांनी घेतलं खांद्यावर. मी जिन्यात भेटलो तेव्हा ते दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसलेले होते. सिलिंडर शेजारी. चेहरा ओल्या मातीसारखा झालेला आणि हात छातीवर. तेव्हा पहिल्यांदाच मी त्यांचे दोन्ही डोळे दुपारी उघडे बघितले.

"काय न्हाई, जरा दम लागला," ते म्हणाले.

मी काही ऐकून घेतलं नाही. स्कूटरवर मागे बसवलं आणि दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण बाई तरुण होत्या पण पक्क्या. छातीची पट्टी काढली, रक्तदाब तीनदा मोजला. मग त्यांनी विचारलं, "झोप किती होते?"

"भरती की सहा-सात तास," अण्णा म्हणाले.

"सलग?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मग बाईंकडे. "सलग म्हंजे?"

मला खरंच हसू आलं होतं, राव. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि समजावून सांगितलं. म्हणाल्या, "हे बघा अण्णा, आपण गाढ झोपतो तेव्हा रक्तदाब खाली येतो, नाडी संथ होते. हृदयाला दिवसभरातली तेवढीच काय ती उसंत. तुम्हाला गाढ झोप लागायच्या आत कोणीतरी उठवतं. प्रत्येक वेळी दचकून उठलात की दाब परत वर. वर्षानुवर्षं असं चाललं की तो दाब खाली यायचंच विसरतो. गोळी देते मी, पण गोळी निम्मं काम करेल. उरलेलं झोपेनं करायचंय. सात तास, अंधार करून, आणि मधे कोणी उठवायचं नाही. आणि जमलं तर रात्रपाळी सोडा."

"निम्मं गोळीनं, निम्मं झोपेनं," अण्णांनी परत म्हणून घेतलं, शाळेत पाठ करतात तसं. परत येताना स्कूटरवर मागून म्हणाले, "म्हंजे झोप बी औषध हाय म्हणा की."

"औषधच आहे," मी म्हणालो. "चुकवायचं नाही."

त्यांनी खरंच मनावर घेतलं, हे मी देवाशपथ सांगतो. डॉक्टरचा कागद घेऊन सुपरवायझरकडे गेले. तो म्हणाला, "पुढच्या महिन्यात बघतो अण्णा, आत्ता माणसं कमी आहेत. तुम्हीच असं केल्यावर मी कोणाकडे बघू?" अण्णा कागद घडी घालून परत आले. मला सांगितलं तेव्हा मी चिडलो. "तुम्ही नाही म्हणून का नाही सांगत? तुमच्या तोंडाला काय कुलूप लावलंय?"

"त्येची बी अडचण हाय वो," ते म्हणाले.

सगळ्या जगाची अडचण या माणसाला दिसायची! स्वतःची तेवढी दिसत नव्हती. असा संताप यायचा मला त्या चांगुलपणाचा, की हाताला धरून गदागदा हलवावंसं वाटायचं.

पण घरची बाजू सुधारायचा त्यांनी त्यांच्या परीनं प्रयत्न केला. खिडकीला जाड चादर लावली, खोलीत अंधार केला. आणि कंपनीतून एक लाल टॅग आणला. मशीन दुरुस्तीला काढलं की बटणापाशी लावतात तो. त्यावर छापलेलं असतं, "काम चालू आहे. बटण दाबू नये." तो टॅग त्यांनी दोरीनं आपल्या बेलच्या बटणाला बांधला. आत झोपेचं काम चालू आहे, बटण दाबू नका. इतकं सरळ, इतकं सभ्य सांगणं दुसरं कुठलं असेल?

आता ऐका आमची अक्कल. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे कंपन्यांत काम करणारे. लाल टॅग बघितला की डोक्यात एकच येतं, यंत्र बिघडलंय. सगळ्यांनी समजून घेतलं की अण्णांची बेल खराब झालीय. बटण कोणी दाबलं नाही, अगदी शिस्तीत! बटण सोडून सगळे दारावर थापा मारायला लागले. पार्सलवाल्यांनाही आमच्याच लोकांनी फोनवर सांगितलं, "बेल बंद आहे, दार वाजवा, जोरात वाजवा, ते झोपलेले असतात." झोपलेले असतात, हे माहीत होतं बरं का! चेअरमननी ग्रुपवर टॅगचा फोटो टाकला, "अण्णा, बेल दुरुस्त करून घ्या," आणि खाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली.

चौथ्या दिवशी अण्णांनी स्वतःच टॅग काढला. "बेल परवडली," म्हणाले. "दार वाजलं की छाती दणाणती."

आणि मग त्यांनी मला ते काम सांगितलं.

बेल दाराच्या आतल्या बाजूला, वर. शेजारीच बोर्ड. त्या बोर्डात एक जागा मोकळी, नुसतं झाकण बसवलेलं. त्या जागेत एक स्विच टाकायचा आणि बेलची वायर त्यातून घ्यायची. झोपताना स्विच बंद, उठल्यावर चालू. बस, एवढंच. अण्णा पक्कड घेऊनच उभे होते. "मी करू का? कंपनीत बघितलेलं हाय मी."

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "छे छे, तुम्ही हात लावू नका. मी वायरमन इथं वर बसलोय आणि तुम्ही वायरी सोडणार? लोक मला काय म्हणतील? पाच मिनिटांचं काम आहे. गुरुवारी करून देतो."

"बरं, गुरुवारी," अण्णा म्हणाले आणि पक्कड ठेवून दिली.

पहिल्या गुरुवारी सासुरवाडीला जावं लागलं. दुसऱ्या गुरुवारी स्विच आणायचा राहिला. वर्कशॉपमध्ये स्विचची खोकी रचलेली असतात, खिशात एक टाकायला विसरलो. तिसऱ्या गुरुवारी कंटाळा आला, दिवसभर टीव्हीसमोर लोळलो. खाली बेल वाजत होती, ऐकू येत होती. चौथ्या गुरुवारी जिन्यात गाठ पडली. ते म्हणाले, "काय वायरमन, जमंल का आज?" मी म्हणालो, "पाच मिनिटांचं काम हो अण्णा, कधीही होईल." ते म्हणाले, "घाई न्हाई, घाई न्हाई." त्यांनी तोवर अंथरूण आतल्या खोलीतून हॉलमध्ये आणलं होतं, दाराच्या जवळ. म्हणजे उठून फार चालायला नको.

खरं कारण सांगू? सांगतोच आता. आमच्या घरीही आठवड्याला दोन-तीन पार्सलं यायची. बायकोची, पोरीची, माझी हत्यारं. अण्णांची बेल बंद झाली असती तर ती कोणी घेतली असती? हे मी असं शब्दांत कधी मनात म्हटलं नाही. पण ते तिथं होतं. सासुरवाडी, विसरणं, कंटाळा, ते सगळं त्याच्यावर टाकलेलं पांघरूण. मला दुसऱ्यांना शिव्या घालायचा काय अधिकार?

तो मंगळवार होता. वहिनी साडेपाचला पाळणाघरातून आल्या, स्वतःच्या किल्लीनं दार उघडलं. अण्णा हॉलमध्ये अंथरुणावर कुशीला. त्यांना वाटलं, आज बरी लागलीय झोप, लागू दे. त्यांनी आवाज न करता चहा ठेवला. चहा झाल्यावर उठवायला गेल्या.

मी पोचलो तोवर डॉक्टरीण बाई येऊन गेल्या होत्या. दुपारीच कधीतरी, झोपेत, असं त्यांनी सांगितलं होतं. उशीच्या बाजूला मार्कर पडला होता, टोपण लावलेला. दाराशी एक खोकं. त्यावर ठसठशीत अक्षरात "१०१, दु. १:४०."

एकशे एक म्हणजे मी. ड्रिलची पाती मागवली होती मी. वर्कशॉपमध्ये पडलेली असतात, तरी मागवली होती, कारण स्वस्तात होती.

सात वाजता सोसायटीच्या ग्रुपवर अण्णांचा फोटो आला, सत्काराच्या शालीतला. खाली "भावपूर्ण श्रद्धांजली", "देवमाणूस गेला", हात जोडलेले. वीस-पंचवीस जणांनी लिहिलं. आणि आठ वाजायच्या आत चौथ्या मजल्यावरून एकानं विचारलं, "अण्णांकडे माझं एक पार्सल आहे का, कोणी बघितलं का?"

मी फोन भिंतीवर मारणार होतो. बायकोनं हातातून काढून घेतला.

दिवसकार्य झाल्यावर वहिनींनीच मला बोलावलं. कोपऱ्यातल्या फळीवर त्या आठवड्यातली न नेलेली पार्सलं होती, आठ-दहा. "ज्याची त्याला देऊन टाका भाऊजी," त्या म्हणाल्या, "मला वर जायला नको वाटतंय." मी एकेक उचललं. वेळा वाचत गेलो. सोमवारची तीन होती. नऊ वीस. दहा पन्नास. बारा पाच. मधला वेळ किती? दीड तास, सव्वा तास. शिवाय ज्यांनी आपलं पार्सल वेळेवर नेलं त्यांच्या बेल यात नव्हत्याच. इस्त्रीवाला नव्हता, टँकर नव्हता. अण्णांनी आपल्या झोपेचा एकेक तुकडा वेळेसकट लिहून ठेवला होता, आमच्याच खोक्यांवर, आणि आम्ही ती खोकी फाडून कचऱ्यात टाकत होतो.

मी डॉक्टरीण बाईंकडे गेलो. मुद्दाम गेलो. म्हटलं, "बाई, मला सांगा, एक चाळीसच्या त्या बेलनं झालं का?"

"तसं नसतं," त्या म्हणाल्या. "एका बेलनं माणूस जात नाही. कोणत्या एका कारणानं गेले असंही मी सांगू शकणार नाही. रात्रपाळी, रक्तदाब, अपुरी झोप, हे वर्षानुवर्षांचं असतं. तुम्ही स्वतःला लावून घेऊ नका."

मला बरं वाटावं म्हणून बोलल्या त्या. पण मी हिशोबाचा माणूस नसलो तरी एवढं मला कळतं. एक दिवस माझ्यावरून उतरवला आणि सगळी वर्षं ठेवली. त्या वर्षांतल्या बेल कोणाच्या होत्या?

वहिनी गावी जातील असं सगळ्यांना वाटलं होतं. त्या गेल्या नाहीत. मुलगी लातूरला डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करतेय, तिचं शिक्षण थांबवायचं नाही म्हणाल्या. पाळणाघरातल्या पगारात भागणार नव्हतं. मोशीकडच्या एका हॉस्पिटलात मदतनिसाची जागा मिळाली, रात्रपाळीची. ते मला बायकोनं सांगितलं. बिल्डिंगमधल्या बायका ग्रुपवर लिहीत होत्या, "ताई धीराच्या आहेत." आणि त्याखाली तिसऱ्या मजल्यावरच्या मॅडमनी लिहिलं, "बरं झालं, म्हणजे दिवसा घरीच असतील ना?"

मी वाचलं. दोनदा वाचलं. पहिल्यांदाच त्या ग्रुपवर मी काही लिहिलं. लिहिलं की एक नंबरच्या दारात यापुढे एक जरी पार्सल ठेवलं, तर ते मी उचलून इंद्रायणीत टाकीन, मग आत काही का असेना. चेअरमननी खाजगीत निरोप पाठवला, "भाषा सांभाळा." सांभाळतो म्हटलं. इतकी वर्षं सांभाळलीच की!

माझ्या लिहिण्यानं काय होणार होतं? पार्सलवाल्यांच्या फोनमध्ये अजून तेच लिहिलेलं होतं, "घरी नसल्यास फ्लॅट एक."

गुरुवार आला. मी गॅलरीत होतो. वहिनी सकाळी आल्या, थकलेल्या, पदर खोचलेला, दार लावून घेतलं. दहाच्या सुमारास एक मोटारसायकल थांबली, मोठी पिशवी पाठीला. मी वरून "ए, थांब!" म्हणेपर्यंत त्यानं बटण दाबलं. मी चप्पल न घालता जिना उतरलो.

दार उघडलं. वहिनी दारात उभ्या. केस विस्कटलेले, एक हात चौकटीला. आणि डावा डोळा मिटलेला.

मी काय बघतोय ते त्यांना कळलं असावं. त्या हळूच म्हणाल्या, "त्यांनीच शिकवलं होतं. लागतो असा परत."

पार्सलवाल्याला मी काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. बिचाऱ्याची चूक नव्हती, तरी बोललो. मग वर पळालो, हत्यारांची पिशवी घेतली. स्विच त्यातच होता. पाचव्या गुरुवारसाठी मी तो खिशात घालून आणला होता, पण पाचव्या गुरुवारच्या आधी तो मंगळवार आला.

मेन बंद केलं. स्टूलवर चढून टेस्टर लावून बघितला. बोर्डाचे दोन स्क्रू काढले, झाकण काढलं, स्विच बसवला, बेलची वायर सोडून त्यातून घेतली, परत आवळलं. टेस्टर लावून बघितला. एकही वायर चुकली नाही. वीस वर्षं हेच केलंय. वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या.

मेन चालू केलं, नवा स्विच बंद केला. काम झालं की तपासून द्यायचं, ही आमची सवय. मी बाहेर जाऊन बटण दाबलं. एकदा, दोनदा, मग दाबून धरलं. आत काहीच वाजलं नाही.

"झालं वहिनी," मी म्हणालो. "आता झोपा. कोणी उठवणार नाही."

त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. त्या मान वळवून आत, दारासमोरच्या भिंतीवर बघत होत्या. कंपनीनं दिलेलं ते मोठं घड्याळ तिथेच होतं, मी लावलेलं, सरळ.

"चारच मिनिटं लागली, भाऊजी," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी दार लावून घेतलं.